प्रिंटर चालू आहे, तरी पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’ का दाखवतो?

प्रिंटरचा दिवा लागलेला आहे, कागद भरलेला आहे, काल याच मशीनमधून व्यवस्थित पानं निघाली होती, आणि आज कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याच्या नावाखाली ‘ऑफलाइन’. बंद करून चालू केला की कधी चालतो, कधी नाही. चालला तरी चार दिवसांनी पुन्हा तेच. एकदाच उद्भवलेल्या बिघाडासाठी रीस्टार्ट पुरेसा असतो. पण दर आठवड्याला रीस्टार्ट करावा लागत असेल, तर मूळ कारण कुठेतरी तसंच राहिलंय आणि ते शोधता येतं. बहुतेक वेळा ते प्रिंटरच्या आत नसतंच.

ऑफलाइन हा शिक्का प्रिंटर स्वतःवर मारत नाही, कॉम्प्युटर मारतो. प्रिंटर जोडला त्या दिवशी कॉम्प्युटरने त्याचा पत्ता नोंदवून ठेवलेला असतो. प्रिंट द्यायच्या वेळी, आणि अधूनमधून एरवीही, तो त्या पत्त्यावर विचारणा करतो. उत्तर आलं नाही, की ऑफलाइन. आता उत्तर न येण्याची मुख्य कारणं तीन: प्रिंटर नेटवर्कवर नाही, किंवा आहे पण त्याचा पत्ता बदललाय, किंवा पत्ताही तोच आहे पण ज्या पद्धतीने विचारलं त्या पद्धतीने त्याने उत्तर दिलं नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्यामुळे आधी आपलं कारण यातलं कुठलं ते ठरवायचं आणि मगच सेटिंगला हात लावायचा.

इथेच सगळ्यात जास्त दिल्या जाणाऱ्या सल्ल्याबद्दल बोलायला हवं: ‘ड्रायव्हर काढून पुन्हा टाका.’ ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरला त्या प्रिंटरशी बोलता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. ते काढून पुन्हा टाकल्यावर प्रिंटर चालू होतो, हे खरं आहे. पण तो नव्या ड्रायव्हरमुळे चालू झालेला नसतो. पुन्हा जोडताना कॉम्प्युटर प्रिंटरला नव्याने शोधतो आणि त्याचा आजचा पत्ता नोंदवून घेतो, म्हणून चालू होतो. पत्ता पुढे पुन्हा बदलला की पुन्हा ऑफलाइन, आणि आपण पुन्हा ड्रायव्हर काढायला बसतो. ड्रायव्हर खरोखर बिघडला असेल तर प्रिंट वेडीवाकडी येते, चिन्हं उमटतात, नाहीतर एरर येते. नुसतं ऑफलाइन दिसत असेल तर ड्रायव्हरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

कधी होतं, कुणाकडे होतं

पाच मिनिटं खर्च करून एवढं बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून प्रिंट निघते का? निघत असेल तर प्रिंटर आणि राउटर दोघंही निर्दोष आहेत. दोष त्या एका कॉम्प्युटरमध्ये आहे. सगळ्यांकडेच बंद असेल तर प्रिंटर किंवा नेटवर्क.

मग वेळ बघा. वीज जाऊन आल्यावर किंवा राउटर रीस्टार्ट झाल्यावर त्रास सुरू होत असेल, तर जवळजवळ नक्कीच पत्ता बदललाय. रात्रभर पडून राहिल्यावर सकाळची पहिली प्रिंट अडकत असेल, तर प्रिंटरच्या झोपेचा संबंध आहे. राउटर बदलला किंवा वाय-फायचा पासवर्ड बदलला त्या दिवसापासून बंद असेल, तर प्रिंटर अजून जुन्या नेटवर्कच्या शोधात आहे. त्याच्या पॅनलवरून नवं नेटवर्क आणि पासवर्ड भरला की काम संपलं. आणि कॉम्प्युटर ऑफलाइन म्हणत असतानाही मधूनच एखादी प्रिंट निघत असेल, तर तो अगदी वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

प्रिंटरकडूनच माहिती घ्या

कॉम्प्युटर बाजूला ठेवून प्रिंटरच्या मेनूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान काढा. स्क्रीन असलेल्या प्रिंटरवर ते सेटिंग्ज किंवा रिपोर्ट्समध्ये मिळतं. स्क्रीन नसेल तर बहुतेक मॉडेलांत एखादं ठरावीक बटण काही सेकंद दाबून धरलं की ते पान बाहेर येतं. कुठलं बटण ते मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

पान माहितीने गच्च भरलेलं असतं, पण आपल्याला त्यातल्या तीन-चारच ओळी हव्यात. पहिली, आयपी ॲड्रेस, म्हणजे वर म्हटलेला प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने प्रिंटरला पत्ता दिलाय. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून प्रिंटरने स्वतःच एक घेतलाय. अशा वेळी कॉम्प्युटरमध्ये काहीही करून उपयोग नाही, आधी प्रिंटर वाय-फायला किंवा केबलला नीट जोडा. सगळी शून्यं असतील तर तो नेटवर्कवर नाहीच. दुसरी ओळ, वाय-फायचं नाव, म्हणजे एसएसआयडी. ते कॉम्प्युटर ज्या वाय-फायवर आहे तेच आहे का, हे अक्षर न् अक्षर जुळवून बघा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर जोडला गेला असेल तर इंटरनेट चालेल, प्रिंट मात्र कुणालाच निघणार नाही, कारण गेस्ट नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याची सोय मुद्दाम केलेली असते. तिसरी ओळ, मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ओळख क्रमांक: बारा अंक-अक्षरांचा, दोन-दोनच्या जोड्यांत छापलेला. तो पुढे लागणार आहे. हे पान जपून ठेवा.

आता विंडोज कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून पिंग ही, त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते बघणारी कमांड द्या आणि पुढे एक जागा सोडून पानावरचा आयपी ॲड्रेस टाइप करा. उत्तर वाचताना एक जागा फसवी आहे. शेवटी ‘शून्य टक्के लॉस’ असं दिसलं म्हणून प्रिंटर सापडला असं समजू नका. वरच्या ओळींमध्ये उत्तर कुणाकडून आलंय ते बघा. तिथे तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचा पत्ता आणि पुढे ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं असेल, तर प्रिंटर सापडलेला नाही. कॉम्प्युटरनेच स्वतःला ते कळवलंय आणि विंडोज तेही उत्तर म्हणून मोजतं. प्रिंटरच्याच पत्त्यावरून, मिलिसेकंदांतला वेळ दाखवत उत्तर आलं पाहिजे.

दुसरी चाचणी मला पिंगपेक्षाही आवडते. तोच आयपी ॲड्रेस ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाका. नेटवर्कच्या बहुतेक प्रिंटरमध्ये स्वतःचं एक छोटं वेब पान असतं. त्यात शाईची पातळी, नेटवर्कची स्थिती, झोपेच्या वेळा सगळं दिसतं. ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना येऊ शकते. आपल्याच नेटवर्कमधला प्रिंटर असल्यामुळे ती ओलांडून पुढे जायला हरकत नाही. हे पान उघडलं, म्हणजे कॉम्प्युटरपासून प्रिंटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. तरीही विंडोज ऑफलाइन म्हणत असेल, तर विंडोज चुकीच्या पत्त्यावर विचारतंय किंवा चुकीच्या पद्धतीने.

पोर्ट: बहुतेकांचं उत्तर इथे आहे

सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, आपला प्रिंटर निवडा आणि ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये जा. शेजारचं ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’ नव्हे, ते कागदाच्या आकारासाठी आहे. वरच्या टॅबमध्ये ‘पोर्ट्स’. पोर्ट म्हणजे विंडोज त्या प्रिंटरपर्यंत ज्या वाटेने पोचतं त्याची नोंद. तिथल्या लांबलचक यादीत ज्या एका ओळीसमोर टिक आहे, तीच आपल्या प्रिंटरची.

त्या ओळीची सुरुवात डब्ल्यूएसडी या अक्षरांनी होत असेल आणि पुढे अर्थ न लागणारे अंक-अक्षरं असतील, तर वारंवार ऑफलाइन होण्याचं कारण बहुधा सापडलं. डब्ल्यूएसडी म्हणजे वेब सर्व्हिसेस फॉर डिव्हायसेस. विंडोज नेटवर्कवर हाक मारतं, प्रिंटर ओ देतो आणि जोडणी आपोआप होते. जोडायला सोपं, म्हणून विंडोज बऱ्याचदा आपणहून तेच निवडतं. पण ही हाक मल्टिकास्ट पद्धतीने, म्हणजे एकाच वेळी अनेक उपकरणांना जाते, आणि काही राउटर, एक्स्टेंडर किंवा फायरवॉल ती मध्येच अडवतात. झोपलेला प्रिंटरही कधीकधी तिला उत्तर देत नाही. मग प्रिंटरचं वेब पान ब्राउझरमध्ये उघडतंय, पिंगला उत्तर येतंय, आणि विंडोज मात्र ऑफलाइनवर अडून बसतं.

यावर माझा उपाय ठरलेला आहे: डब्ल्यूएसडी सोडा आणि प्रिंटर आयपी ॲड्रेसने जोडा. त्याच पोर्ट्सच्या टॅबमध्ये ‘ॲड पोर्ट’, मग ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, मग ‘न्यू पोर्ट’. विचारेल तिथे पानावरचा आयपी ॲड्रेस. नवं पोर्ट तयार झालं की टिक त्याच्यासमोर करा आणि चाचणी पान काढा. ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ड्रायव्हरचं नाव मात्र एकदा बघून घ्या. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट आयपीपी क्लास ड्रायव्हर’ असेल तर नुसतं पोर्ट बदलण्याच्या नादी न लागता प्रिंटर नव्याने जोडणं सोपं जातं: कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या, ‘ॲड डिव्हाइस’वर क्लिक करून थोडं थांबल्यावर हाताने जोडण्याचा पर्याय येतो तो निवडा, आणि त्यात आयपी ॲड्रेस किंवा होस्टनेम (प्रिंटरचं नेटवर्कवरचं नाव) वापरून जोडण्याचा. यादीत जुना आणि नवा असे दोन प्रिंटर दिसायला लागतील. नवा चालतोय याची खात्री झाली की जुना काढून टाका, नाहीतर कुणीतरी उद्या सवयीने त्यालाच प्रिंट देईल.

पत्ता बदलू देऊ नका

वरचं काम केलं आणि हे केलं नाही, तर सगळी मेहनत राउटरच्या पुढच्या रीस्टार्टपर्यंतच टिकेल. राउटर पत्ते कायमचे देत नाही, ठरावीक मुदतीने देतो. वीज गेली, सगळी उपकरणं एकदम चालू झाली, की प्रिंटरचा कालचा पत्ता आज कुणाच्या तरी मोबाइलला मिळालेला असू शकतो. कॉम्प्युटर बिचारा जुन्याच दारावर टकटक करत राहतो.

राउटरच्या सेटिंगमध्ये लॅन किंवा डीएचसीपी या नावाच्या विभागात ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ असा पर्याय असतो. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस आणि त्याला द्यायचा आयपी ॲड्रेस भरून ठेवा. मग राउटर तो पत्ता त्याच प्रिंटरसाठी राखून ठेवतो. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा: वाय-फाय आणि केबल दोन्हींची सोय असलेल्या प्रिंटरला दोन वेगळे मॅक ॲड्रेस असतात. प्रिंटर ज्या मार्गाने जोडला आहे त्याचाच भरा. चुकीचा भरला तर रिझर्व्हेशन दिसायला बरोबर दिसतं आणि पत्ता तरीही बदलत राहतो.

प्रिंटरच्याच मेनूमध्ये हाताने पक्का पत्ता भरण्याचा मार्गही आहे, पण मी तो राउटरमध्ये शिरता येत नसेल तेव्हाच सुचवेन. हाताने भरायचा झाल्यास राउटर जो पत्त्यांचा पट्टा वाटतो, त्याच्या बाहेरचा पत्ता निवडा. पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला २५ किंवा २२० द्या. पट्ट्याच्या आतला दिला तर कधीतरी राउटर तोच दुसऱ्या कुणाला देऊन बसेल आणि दोघांचीही अडचण होईल. राउटर बदलल्यावर हा हाताने भरलेला पत्ता नव्या नेटवर्कशी जुळेलच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

ऑफलाइन दिसतो, पण प्रिंट येते

हा तो वेगळा प्रकार. आयपी ॲड्रेसने जोडलेल्या प्रिंटरची हालहवाल विंडोज एसएनएमपी नावाच्या पद्धतीने विचारतं. छपाईचा मजकूर बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून जातो आणि ही विचारणा १६१ वरून (इथे पोर्ट म्हणजे नेटवर्कवरची क्रमांक दिलेली वाट). दोन्ही रस्ते पूर्ण वेगळे. प्रिंटरमध्ये एसएनएमपी बंद असेल, किंवा त्याचं ‘पब्लिक’ हे नेहमीचं कम्युनिटी नाव (या विचारणेसाठीचा पासवर्डसारखा शब्द) कुणी सुरक्षिततेसाठी बदललं असेल, तर प्रिंटर छापायला तयार असूनही विचारणेला उत्तर मिळत नाही आणि विंडोज त्याला ऑफलाइन ठरवतं.

पोर्ट्सच्या टॅबमध्ये आपलं पोर्ट निवडून ‘कॉन्फिगर पोर्ट’ दाबा. उघडलेल्या छोट्या खिडकीत खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असा चौकोन असेल. त्यातली टिक काढा. ऑफिसमध्ये नेटवर्क सांभाळणारी व्यक्ती असेल तर टिक काढण्याऐवजी तिच्याकडून बरोबर कम्युनिटी नाव घेऊन त्याच खिडकीत भरणं अधिक चांगलं, कारण टिक काढल्यावर कागद संपला किंवा झाकण उघडं आहे असल्या सूचना या वाटेने यायच्या थांबतात. घरात त्याने फारसं काही बिघडत नाही.

झोप, वाय-फाय आणि मधली अडवणूक

सकाळची पहिली प्रिंट अडकत असेल तर प्रिंटरच्या वेब पानावर ‘स्लीप’ आणि ‘ऑटो पॉवर ऑफ’ अशा दोन वेगळ्या सेटिंग बघा. स्लीपमधला प्रिंटर नेटवर्कवर कान देऊन असतो आणि काम आलं की जागा होतो. ऑटो पॉवर ऑफ झालेला प्रिंटर पूर्ण बंद असतो, त्याला हातानेच चालू करावं लागतं. दुसरी सेटिंग बंद करा. पहिली राहू द्या. त्यात वीज वाचते. स्लीपमधूनही तो जागा होत नसेल तर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून बघा, आणि तरीही नाहीच जमलं तर स्लीपची वेळ वाढवा.

घरच्या बऱ्याच प्रिंटरना वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा कळतो. राउटरवर २.४ बंद करून फक्त ५ ठेवलं असेल तर असा प्रिंटर नेटवर्कवर येऊच शकत नाही. सुरक्षितता फक्त डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवली असेल तर जुन्या प्रिंटरचंही तेच होतं. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय बहुतेक राउटरवर असतो, तो निवडा. कॉम्प्युटर ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी काही बिघडत नाही, दोन्ही एकाच राउटरच्या एकाच मुख्य नेटवर्कवर असले म्हणजे झालं.

एकाच लॅपटॉपवर त्रास असेल तर आधी व्हीपीएन (लॅपटॉपला दूरच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारी सोय) बंद करून बघा. ऑफिसच्या व्हीपीएनमधून सगळी वाहतूक ऑफिसकडे वळवलेली असेल, तर खोलीतच ठेवलेला प्रिंटरही त्या लॅपटॉपला दिसेनासा होतो. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे कारण फार वेळा निघतं आणि फार उशिरा सुचतं.

रांगेत अडकलेलं काम

कधीकधी एक बिघडलेली फाइल रांगेच्या तोंडाशी बसते आणि मागचं सगळं थांबतं. ‘कॅन्सल’ केलं तरी ‘डिलीटिंग’ असं लिहून ती तिथेच राहते. अशा वेळी विंडोजच्या सर्चमध्ये सर्व्हिसेस शोधा, यादीत ‘प्रिंट स्पूलर’वर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेवर, उजवं क्लिक करून ‘स्टॉप’ करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली काढून टाका. फोल्डर ठेवा, आतलंच काढायचं. नंतर स्पूलर ‘स्टार्ट’ करा. इतरांची थांबलेली कामंही यात जातात, म्हणून ऑफिसात आधी विचारून घ्या.

विंडोज १० मध्ये रांगेच्या खिडकीत, ‘प्रिंटर’ या मेनूखाली, ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ अशी ओळ असते. तिच्यासमोर टिक असेल तर बाकी सगळं ठीक असूनही काही छापलं जाणार नाही, ती काढा. आणि ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होत राहतो आणि काम भलतीकडेच जातं.

यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर ऑफलाइन दिसत असेल तर यादीत त्याच नावाचा, पुढे ‘कॉपी १’ लिहिलेला दुसरा प्रिंटर आहे का बघा. केबल वेगळ्या खोबणीत लावली की विंडोज कधीकधी त्याच मशीनला नवा समजून आणखी एक नोंद करतं. एक नोंद जिवंत, एक मृत. जिवंत ठेवा. केबल यूएसबी हबमधून न घालता थेट कॉम्प्युटरला लावा, आणि पाच मीटरपेक्षा लांब साधी केबल वापरू नका.

ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये रांग ‘पॉझ्ड’ झालेली असेल तर ‘रिझ्यूम’ दाबा. काहीच उपयोग झाला नाही तर यादीवर कंट्रोल-क्लिक करून ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टम’ आहे, पण त्याने सगळे प्रिंटर यादीतून जातात आणि पुन्हा जोडावे लागतात. मोबाइलवर प्रिंटर दिसत नसेल तर फोन मोबाइल डेटावर किंवा गेस्ट वाय-फायवर तर नाही ना, एवढंच बहुधा निघतं.

ऑफिसमधला शेअर केलेला प्रिंटर

एका कॉम्प्युटरला प्रिंटर जोडून बाकीच्यांना शेअर केला असेल, तर तो एक कॉम्प्युटर झोपला की सगळ्यांचा प्रिंटर ऑफलाइन. त्याची स्लीप बंद ठेवा. शक्य असेल तर प्रिंटर थेट नेटवर्कला जोडून प्रत्येकाला आयपी ॲड्रेसने द्या, म्हणजे मध्यस्थच राहत नाही. २०२१ मध्ये विंडोजच्या स्पूलरमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची गंभीर सुरक्षा त्रुटी उघड झाली आणि त्यानंतरच्या अपडेटमुळे शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक झाले. तेव्हापासून ०x०००००११बी ही एरर बऱ्याच ठिकाणी दिसते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, एक नोंद शून्य करून ती घालवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. तो करू नका, त्याने नेमकं तेच संरक्षण बंद होतं जे त्या अपडेटने दिलं होतं. दोन्हीकडचे कॉम्प्युटर पूर्ण अपडेट करा, किंवा वर म्हटल्याप्रमाणे शेअरिंगच टाळा.

हे सगळं करूनही पिंगमध्ये मधूनमधून उत्तर हरवत असेल, तर प्रिंटर काही दिवस नेटवर्क केबलने राउटरला जोडून बघा. केबलचा मॅक ॲड्रेस वेगळा असल्यामुळे रिझर्व्हेशनही नव्याने करा. केबलवर बिनतक्रार चालला तर वाय-फायचा सिग्नल तिथपर्यंत पोचत नाही: प्रिंटरची जागा बदला किंवा केबल कायमची ठेवा. केबलवरही उत्तरं हरवत असतील तर केबल आणि राउटरवरची खोबण बदलून पाहा. त्यानेही फरक पडला नाही, तर प्रिंटरचं नेटवर्क कार्ड तपासायला सर्व्हिसवाल्यांना बोलवा, आणि त्यांना कॉन्फिगरेशनचं पान व पिंगचं उत्तर दाखवा.